सेक्रेटरीकाकांच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालत नाही

प्रश्न : भांडुपला आमची सोसायटी आहे. बँकेच्या एक्सेल फाइलवरून कोणाचा मेंटेनन्स थकलाय ते काढणारा छोटा पायथन प्रोग्राम मी लिहिला. माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. सेक्रेटरीकाकांच्या विंडोजवर मात्र ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. दर महिन्याला मीच जाऊन चालवायचा का? आणि हे सगळं नीट कुठे वाचायचं? व्हिडिओ बघून डोकं भणभणतं.

उत्तर : काकांच्या कॉम्प्युटरमध्ये काही बिघाड नाही. पांडाज हे पायथनला जोडायचं तयार पॅकेज तुमच्या लॅपटॉपवर कधीतरी टाकलेलं आहे, पाठवलेल्या फाइलसोबत ते जात नाही. काकांकडे ते टाकलंत तरी पुढची एरर येईल, कारण एक्सएलएसएक्स फाइल वाचायला पांडाजला ओपनपायएक्सएल हे दुसरं पॅकेज लागतं. माझं ऐकाल तर पांडाज काढूनच टाका. ओळी वाचायच्या, फ्लॅट नंबर जुळवायचा, बेरीज करायची, एवढ्याला एकटं ओपनपायएक्सएल पुरतं.

आता हे पॅकेज प्रोग्रामच्या फाइलमध्येच नोंदवा. पीईपी ७२३ नावाच्या पायथनच्या नियमाने ती सोय झाली आहे: कोणतं पायथन, कोणती पॅकेजं, हे फाइलच्या सुरुवातीला कॉमेंटमध्ये ठरावीक पद्धतीने लिहायचं. हाताने लिहायचीही गरज नाही. ‘यूव्ही’ हे मोफत साधन टाका आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘यूव्ही अ‍ॅड --स्क्रिप्ट’, पुढे प्रोग्रामच्या फाइलचं नाव, मग पॅकेजचं नाव द्या (इंग्रजी अक्षरांत, अर्थात). काकांकडेही यूव्ही एकदा टाकून द्या. नंतर त्यांनी फक्त ‘यूव्ही रन’ आणि प्रोग्रामच्या फाइलचं नाव टाइप करायचं. पॅकेज यूव्ही स्वतः उतरवून घेतं, पायथन नसेल तर तेही. पहिल्या वेळी इंटरनेट हवं.

प्रोग्राममध्ये तुमच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला असेल तर तोही काढा. एक्सेल फाइलचं नाव आर्गपार्स या मॉड्यूलने बाहेरून घ्या, म्हणजे काका ते ‘यूव्ही रन’च्या ओळीत शेवटी टाइप करतील. ते पायथनसोबतच येतं आणि ‘--हेल्प’ म्हटल्यावर दिसणारा मजकूरही तयार करतं. त्यातली माहिती मराठीत लिहा, काका तेवढंच वाचणार आहेत. आणि नमुना म्हणून बँकेची खरी फाइल कृपा करून जोडू नका. खोट्या नावांच्या चार ओळी बनवा. शेजाऱ्यांची थकबाकी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता कामा नये.

वाचनासाठी पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनच घ्या. त्यात ट्युटोरियल आणि लायब्ररी रेफरन्स वेगळे आहेत. ट्युटोरियल सलग वाचा, रेफरन्स अडल्यावर उघडा. वरती आवृत्ती निवडता येते, ती तुमच्या पायथनशी जुळवून घ्या. ईपब म्हणजे ई-बुकही उतरवता येतं, लोकलमध्ये रेंज गेली तरी फोनवर वाचता येईल. ओपनपायएक्सएलचं स्वतःचं ट्युटोरियल छोटं आणि चांगलं आहे, त्यातला ‘लोड वर्कबुक’चा भाग आधी वाचा. रकमेच्या जागी सूत्र दिसू लागलं, तर फाइल उघडताना ‘डेटा ओन्ली’ ट्रू करा.