गिझर लावला की मीटर का पळतो?

प्रश्न: छतावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा) आहे, बॅटरीही आहे. तरी सकाळी नऊला गिझर लावला की मीटर पळतो. इन्व्हर्टर बिघडलाय का?
– एक वाचक, बारामती

उत्तर: ताई, बहुधा नाही. सोलर बसवल्यावर मीही हा हिशोब वहीत मांडला होता. सकाळी नऊला पॅनल १.२ किलोवॉट देत होती. गिझरला २ आणि फ्रिज-पंख्यांना ०.३ हवे होते. कमी पडलेले १.१ ग्रिडकडून, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवरून, आले; म्हणून मीटर पळाला. इन्व्हर्टर आपली वीज ग्रिडच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झशी लय जुळवून सोडतो. दोन नळांचं पाणी एका बादलीत पडावं, तशा दोन्ही विजा एकाच वायरिंगमध्ये येतात.

बॅटरी का धावून आली नाही, ते सेटिंगमध्ये पाहा. बॅटरी फक्त वीज गेल्यावर वापरायची, असं ठरवलेलं असू शकतं. माझ्या मते तेच बरं, लोडशेडिंगला ती भरलेली हवी.

मात्र एक गोष्ट विक्रेत्याला जरूर विचारा. बाजारात ‘हायब्रिड’ नावाने विकले जाणारे काही इन्व्हर्टर वीज मिसळत नाहीत. सोलर-बॅटरी कमी पडली की सगळा भारच ग्रिडवर टाकतात. तुमचा तसा असेल, तर १.२ किलोवॉटसुद्धा वाया जाऊ शकतात. गिझर चालू असताना डिस्प्लेवर सोलरचा आकडा शून्याकडे घसरतो का, एवढं बघा. आणि शक्य असेल तर गिझर अकरानंतर लावा.