ईपीएस बोर्डाच्या रेलवरचा खड्डा: पॉलिएस्टर रेझिन चालेल का?

प्रश्न असा आहे: ईपीएस-इपॉक्सी सर्फबोर्ड (आत थर्माकोलसारखा ईपीएस फोम, वर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेलं काचकापड) खडकावर आपटून रेलला, म्हणजे बाजूच्या कडेला, ८ सेंमी लांब, ३ सेंमी खोल खड्डा पडला आहे. होडीच्या कामातून उरलेलं पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) घरात आहे, ते वापरू का?

नका वापरू. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन हे द्रावक ईपीएस फोम विरघळवतं. पॅच वरून कडक दिसतो आणि खाली पोकळी राहते. फोम ईपीएसच आहे ना, याची आधी खात्री करा. फुटलेल्या जागेतला नखाएवढा तुकडा काढून त्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाका. विरघळला तर ईपीएस, टिकला तर पीयू (पॉलियुरेथेन फोम). पीयूला दोन्ही रेझिनं चालतात, ईपीएसला फक्त इपॉक्सी. मॅटही बाजूलाच राहू दे. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळावा असाच असतो, त्यामुळे इपॉक्सीत ती नीट भिजत नाही. चौरस मीटरला १३५ ते २०० ग्रॅमचं विणलेलं काचकापड आणा.

घाई सगळ्यात जास्त नडते ती वाळवण्यात. सुटी काच (फोमवरचं काचकापडाचं कडक आवरण) कापून काढा, खड्डा खाली येईल असा बोर्ड उभा करा आणि सावलीत पंख्याखाली ठेवा. टिश्यू दाबून धरल्यावर ओला होतोय तोवर पुढे जाऊ नका, मग आठवडा लागला तरी चालेल. उन्हात किंवा बंद गाडीत वाळवायला ठेवलात तर आतली हवा फुगून चांगली काचसुद्धा फोमपासून सुटते.

एवढा मोठा खड्डा नुसत्या फिलरने भरू नका. जाड थरात इपॉक्सी तापते आणि आजूबाजूचा फोम वितळवते, शिवाय वजन वाढतं. दबलेला फोम धारदार कटरने काढून खड्ड्याच्या कडा सरळ करा आणि त्या मापाचा फोमचा तुकडा बसवा. पॅकिंगचा थर्माकोल फार हलका, तो बोटानेही दबतो. घट्ट ईपीएस किंवा छताच्या इन्सुलेशनचा एक्सपीएस (जास्त घट्ट, सलग फोम) घ्या. चिकटवायला इपॉक्सीत मायक्रोबलून (अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून श्रीखंडाइतकं दाट मिश्रण करा.

आकाराचं माप बोर्डाच्या दुसऱ्या बाजूच्या रेलवर तयारच आहे. तिथे पुठ्ठा लावून वळण कापून घ्या आणि तो उलटा करून इकडे ताडून पाहा. भोवतीच्या काचेवर मास्किंग टेप लावा, नाहीतर मऊ फोम घासताना हात घसरून जुनी काच कापली जाते. ठोकळ्यावर नवा १२० नंबरचा पॉलिश पेपर लावून, हलक्या हाताने, रेलच्या लांबीच्या दिशेने घासा. जुना किंवा भरड कागद फोमचे दाणे उपटतो. तुकडा पृष्ठभागापेक्षा सुमारे १ मिमी खाली ठेवा. वर कापडाचे दोन थर येणार आहेत. ही जागा सोडली नाही तर शेवटी उंचवटा घासताना तेच कापड कापलं जातं. दाण्यांमधल्या फटी हलक्या पुटीने बुजवा, नाहीतर तिथे रेझिन झिरपून कापड कोरडं पडतं.

आता टेप काढा आणि भोवतीची ४-५ सेंमी काच ८० च्या कागदाने खरवडा. कापड विणीला ४५ अंशात कापलं की वळणावर सुरकुती न पडता बसतं. आधी लहान तुकडा, त्यावर सगळीकडून २ सेंमी मोठा. दोन्ही मिळून कापड १० ग्रॅमच्या आसपास भरेल आणि रेझिनही जवळपास तेवढंच लागेल, पण ३० ग्रॅमपेक्षा कमी कालवू नका. इतक्या थोड्यात मापाची चूक महागात पडते. डब्यावर घनफळाचं २:१ लिहिलं असेल तर तेच वजनात मोजू नका, हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) सहसा हलका असतो. कालवलेलं लगेच पसरट ताटलीत ओता, कपात ते स्वतःच्याच उष्णतेने घट्ट होतं.

कोकणातल्या पावसाळ्यात कापड-रेझिनचा थर वाळल्यावर त्यावर तेलकट साय येते. ती पाणी आणि स्क्रबरने धुवा, मगच १२०, २२०, आणि ओल्याने ४०० असं घासा. नायट्राइल हातमोजे आणि धूळरोधक मास्क घालाच. नेहमीच्या तापमानाला इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला आठवडा लागतो. तोवर बोर्ड पाण्यात नेऊ नका.