बाजारतळावर महिलांसाठी स्वच्छतागृह बांधायचं आहे. आराखड्यात काय पाहावं?

भांडं कुठलं आणि टाइल्स कुठल्या, हे शेवटी ठरवा. आधी खुंटीची जागा ठरवा.

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. आम्ही बांधलेलं एक स्वच्छतागृह सुरू झाल्यावर महिन्याभराने पाहायला गेलो. बाहेर एक बाई दुसरीच्या दोन पिशव्या आणि कडेवर तिचं पोर घेऊन ताटकळत होती. आतलीची चार बोटं दाराच्या कडेला दिसत होती, कारण कडी बसत नव्हती. आत पिशवी टांगायला काहीच नव्हतं. लुगडं असो की पंजाबी ड्रेस, कपडे सावरायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि ओल्या फरशीवर भाजीची पिशवी कोण ठेवेल? तेव्हापासून दोन मजबूत खुंट्या आणि सहज सरकणारी कडी मी आराखड्यातच लिहून घेतो.

मग उतार. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी गटारात नेणारं जाळीचं भांडं, दारापासून लांब, मागच्या कोपऱ्यात घ्या आणि दाराकडून तिकडे मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्या. फरशी बसल्यावर बादलीभर पाणी ओतून बघा. डबकं राहिलं तर ठेकेदाराचं बिल अडवा.

वासाचं म्हणाल, तर ट्रॅपमध्ये साठलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं. आठवडी बाजार असेल तर मधले सहा दिवस वापर कमी, उन्हाळ्यात ते पाणी आटतं. म्हणून ५० मिलिमीटर पाणी राहील असा खोल ट्रॅप घ्या आणि अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं काम कुणाला तरी नेमून द्या. टाइल्सच्या सांध्यात सिमेंट भरलं तर लघवी मुरते, तिथे इपॉक्सीच, म्हणजे पाणी न मुरणारं रेझिनचं मिश्रण हवं. ॲसिडने धुणं बंद करा, ते सांधे खातं.

पाण्याची टंचाई असेल तर फ्लशच्या टाकीचा मोह सोडा. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. प्रत्येक खोलीत झाकणाचा डबा ठेवा, नाहीतर पॅड भांड्यात जाऊन चोकअप होणारच.

आणि पैसे घेऊ नका. पुरुषांची मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, याच अन्यायाविरुद्ध मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ (लघवीचा हक्क) मोहीम उभी राहिली.

मंजुरीआधी नकाशा बाजारात बसणाऱ्या तीन-चार भाजीवाल्या मावशींना दाखवा. आमच्या त्या कामात दार पानटपरीसमोर निघालं होतं. टपरीवरच्या नजरांसमोरून आत जायला कितीतरी जणी तयार नव्हत्या, शेवटी भिंत फोडून दार मागे घ्यावं लागलं.