८८ डीबीचे, ६ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर) आहेत, हॉल १२ बाय १४. ८० वॅटचा एव्ही रिसीव्हर (होम थिएटरच्या स्पीकरना पॉवर देणारा बॉक्स) पुरेल का?

हो, आरामात पुरेल, वेगळा पॉवर अ‍ॅम्प घ्यायची काहीच गरज नाही. हिशोब साधा आहे, ८८ डीबी म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८८ डीबी आवाज, आणि पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी वाढतात, म्हणजे १६ वॅटला १०० डीबी झाले, सोफा ३ मीटर लांब धरला तरी साधारण ९० उरतात आणि तेवढ्यात शेजारी बेल वाजवतातच. त्यामुळे ८० आणि १०० वॅटमधला फरक १ डीबीसुद्धा नाही, त्यासाठी जास्त पैसे घालू नका. सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प असेल तर सेटिंगमध्ये बाकीचे स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झला ठेवा, जड बेसचा भार रिसीव्हरवरून उतरतो.

फक्त एक बघा, बॉक्सवरचे ८० वॅट बहुतेक वेळा दोनच चॅनेल (म्हणजे दोनच स्पीकर) चालू ठेवून मोजलेले असतात, आणि १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शनवाला (आवाज फाटण्याचं प्रमाण) आकडा तर सरळ सोडून द्या. २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा, म्हणजे ऐकू येणाऱ्या सगळ्या आवाजांवर मोजलेला आकडा शोधा, आणि रिसीव्हर ६ ओहमला चालतो असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय ना ते बघूनच घ्या.