परक्या संस्कृतीतल्या माणसाशी बोलताना आपली सांस्कृतिक ओळख आड येते का?

येते, आणि बहुतेक वेळा आपल्याला पत्ताही लागत नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मी जपानी-मराठी दुभाष्याचं काम करते. आपण बोलत असताना जपानी माणूस मध्ये मध्ये ‘हाय, हाय’ म्हणतो. कोशात अर्थ ‘हो’, पण बैठकीत तो बहुधा आपल्या ‘हं’सारखा असतो; ऐकतोय, एवढंच. आमची मंडळी मात्र होकार मिळाला म्हणून खूश होऊन उठतात. ‘चोत्तो...’ म्हणजे शब्दशः ‘जरा’. तेवढं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, की बहुतेकदा तो नकार असतो.

आपलंही तसंच. ‘बघतो, करतो’ हे कितीदा निव्वळ भिडेपोटी म्हटलेलं असतं! समोरचे साहेब ते वहीत तारखेसकट टिपून घेतात. खरं तर तोंडावर नाही म्हणणं दोघांनाही जड जातं, नकार झाकायची तऱ्हा तेवढी वेगळी. हे साम्य दाखवून दिलं की दोन्हीकडचा राग निवळतो, हे मी पाहिलंय.

त्यामुळे स्वतःची पद्धत सोडायला मी कुणाला सांगत नाही. उठण्याआधी कोण, काय, कधीपर्यंत करणार, एवढं दोन्ही भाषांत फळ्यावर लिहून घेते.