चाइल्ड सपोर्टसाठी वकिलाला दिलेले पैसे टॅक्समध्ये धरता येतात का?

"ताई, वकिलालाच एवढे गेले की मुलासाठी मिळालेले पैसे कुठे दिसतच नाहीत. यातलं काही टॅक्समध्ये तरी धरता येतं का?"

टोरंटो-मिसिसागा भागात घटस्फोटातून जाणाऱ्या मराठी बायका माझ्याकडे येतात, त्यांच्याकडून हा प्रश्न कधी ना कधी येतोच. बहुतेकदा अगदी निघताना, पर्स खांद्याला लावता लावता. पैशाचं समुपदेशकाशी कसं बोलायचं, असा संकोच असतो. माझा अनुभव असा की झोप उडवणाऱ्या गोष्टींत वकिलाचं बिल नवऱ्याच्या बरंच वर असतं.

एकीची गोष्ट सांगते. तिला विचारून लिहितेय, तपशील आणि आकडे बदललेत. मूळची नाशिकची, इथे एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी, पगार वर्षाला ४८,००० डॉलर. सात वर्षांचा मुलगा तिच्याकडे. नवऱ्याचा स्वतःचा धंदा. चाइल्ड सपोर्ट म्हणजे मुलाच्या खर्चासाठी दुसऱ्या पालकाने द्यायची रक्कम. कॅनडात तो देणाऱ्याच्या उत्पन्नावरून सरकारी तक्ता बघून ठरतो. पण धंदेवाला माणूस कागदावर उत्पन्नच कमी दाखवायला लागला की तक्ता काय करणार? सगळी लढाई तिथेच झाली. वकिलाचं एकूण बिल १८,४०० डॉलर, त्यातलं बरंचसं लाइन ऑफ क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या कर्जातून भरलेलं.

सल्ले द्यायला माणसं होतीच. नाशिकचे मामा सीए, त्यांनी फोनवर निकाल देऊन टाकला की खासगी कज्ज्याची फी कुठेही वजा होत नाही. न्यू जर्सीची मावसबहीणही तेच म्हणाली. दोघंही आपापल्या देशापुरते बरोबर होते. आई म्हणायची, सोड ते पैसे, मनःशांती महत्त्वाची. (मनःशांतीने डेकेअरची फी भरली जात नाही, हे आयांना कोण सांगणार!) आणि प्लाझातला टॅक्स भरून देणारा एक जण म्हणाला, अख्खं बिल टाकून देऊ, कोण बघतंय.

मी टॅक्सवाली नाही. पण हा नियम मला माहीत असावाच लागतो, कारण त्यावर लोकांचे निर्णय अडतात. कॅनडात सपोर्ट मिळवणाऱ्या पालकाला त्यासाठीची वकिलाची फी उत्पन्नातून वजा करता येते. रक्कम ठरवून घेण्यासाठी, थकबाकी वसूल करण्यासाठी, रक्कम वाढवून मागण्यासाठी झालेला खर्च चालतो. रिटर्नमध्ये २२१०० नंबरच्या ओळीवर तो दाखवायचा. घटस्फोट मिळवण्याचा खर्च मात्र चालत नाही. मूल कोणाकडे राहणार, कोणत्या शनिवारी कोणाकडे जाणार, या भांडणाचाही नाही. म्हणजे १८,४०० पैकी किती, हे बिल फोडल्याशिवाय कळणार नव्हतं.

आणि बिल फोडायचं म्हणजे आधी ते उघडायचं. ती शेवटच्या पानावरचा आकडा बघून पैसे भरायची आणि कागद मुलाच्या जुन्या दप्तरात कोंबायची. ते दप्तर तिने एकदा माझ्याकडेच आणलं, घरी उघडवत नाही म्हणून. माझं खरं काम इथे होतं. इथले वकील सहा-सहा मिनिटांचा हिशेब लावतात, त्यामुळे त्या बिलात तिची दोन वर्षं तारीखवार मांडलेली होती. 'अशिलाशी फोन, ०.३ तास.' ही तारीख पाहून ती थांबली. त्या रात्री नवऱ्याने मुलाला ठरल्या वेळी परत आणलं नव्हतं आणि तिने रडत वकिलाला फोन केला होता. रडण्याचेही पैसे लागले, म्हणाली, आणि मग हसली.

हा फोन सपोर्टमध्ये धरायचा नाही, हे तिचं तिलाच कळलं. मग सपोर्टच्या कामावर हायलायटरचा रंग चढायला लागला. फॉर्म १३ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र, ते सपोर्टचं. फॉर्म ३५.१ मुलाच्या ताब्याबद्दलचा, तो बाहेर. नवऱ्याच्या धंद्याचे बँक स्टेटमेंट तपासले, आत. कोर्टातल्या एका तारखेला दोन्ही विषय निघाले होते, तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. हायलायटर घेऊन बसलेली ती बाई पहिल्यांदाच स्वतःच्या केसची मालकीण वाटत होती.

प्रश्नचिन्हांचा निवाडा तिने किंवा मी करून उपयोग नव्हता, वकिलाच्या ऑफिसकडून विभागणीचं पत्र हवं. ते मागायला ती आठवडेच्या आठवडे बिचकली, का तर ईमेलचेही पैसे लागतील. मी म्हटलं, वकिलाला नको, हिशेब बघणाऱ्या क्लार्कला फोन कर. तिने केला. एका पानाचं पत्र फुकट आलं: सपोर्टसंबंधी काम ९,१०० डॉलर.

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो, म्हणून सांगते. ९,१०० परत मिळत नाहीत, ते करपात्र उत्पन्नातून कमी होतात. तिच्या पगाराला फेडरल आणि ऑन्टॅरिओ मिळून कर वीस टक्क्यांच्या आसपास बसतो, म्हणजे वाचले साधारण १,८०० डॉलर. पण निव्वळ उत्पन्न खाली आलं की सरकारकडून मुलासाठी दरमहा येणारा चाइल्ड बेनिफिटही वाढतो. एक मूल असेल तर तिच्या उत्पन्नाच्या टप्प्यात तो सात टक्क्यांनी हलतो, म्हणजे पुढच्या जुलैपासूनच्या वर्षात आणखी सहाशेच्या वर. हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. उलट बाजूही आहे: कोर्टाने समोरच्याला तुमचा खर्च द्यायला लावला, तर तेवढी रक्कम वजावटीतून कमी करावी लागते आणि आधीच वजा केली असेल तर पुढे उत्पन्नात दाखवावी लागते. मागच्या वर्षी धरायचं राहिलं असेल तर जुनं रिटर्न दुरुस्त करता येतं, दहा वर्षं मागेपर्यंत.

गंमत म्हणजे खुद्द चाइल्ड सपोर्टच्या रकमेवर करच नाही. पूर्वी होता: देणारा वजा करायचा, घेणारी कर भरायची. सुझान थिबोदो नावाची क्वेबेकची बाई याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९९५ मध्ये हरली. खंडपीठातल्या दोन्ही महिला न्यायाधीश मात्र तिच्या बाजूने होत्या. सरकारने पुढे कायदाच बदलला आणि १ मे १९९७ पासूनच्या आदेशांना करमुक्ती मिळाली. हरलेल्या केसचा फायदा आज माझ्याकडे येणारी प्रत्येक आई घेते, हे मी त्यांना आवर्जून सांगते.

सपोर्ट देणाऱ्याला वकिलाच्या फीची ही वजावट नाही. बापही येतात माझ्याकडे, आणि एकाने टेबलावर हात आपटून विचारलं होतं, "मीही कर्ज काढूनच वकील केला, माझं काय?" रक्कम कमी करून घ्यायला लढलात तरी फी तुमची तुम्हालाच. कायद्याचं तर्कशास्त्र असं की मिळवणाऱ्याचा खर्च हा उत्पन्न मिळवण्याचा खर्च, देणाऱ्याचा तसा नाही. नोकरी गेली म्हणून प्रामाणिकपणे रक्कम कमी करून मागणाऱ्या बापाला हे टोचतं, आणि मला त्याचं टोचणं खोटं वाटत नाही. तरी उत्पन्न लपवणाऱ्याच्या लढाईला सरकारने हातभार लावावा असंही मला वाटत नाही.

तिच्याकडे वळते. प्लाझातल्याचं ऐकून तिने अख्खं बिल टाकलं नाही, ते बरंच झालं. शरद ऋतूत सीआरएचं, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याचं पत्र आलंच: वजावटीचे कागद पाठवा. आधीची ती असती तर तो लिफाफाही दप्तरात गेला असता. तिने त्याच संध्याकाळी क्लार्कचं पत्र आणि रंगवलेली बिलं स्कॅन करून पाठवली. वजावट मान्य झाली.

आता नवरा पोहण्याच्या आणि डेकेअरच्या खर्चातला वाटा देत नाही, म्हणून पुन्हा वकील आला आहे. या वेळी तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं: सपोर्टची फाइल वेगळी, मुलाच्या सुट्ट्यांची वेगळी, बिलंही वेगवेगळी पाठवा.