यान काटेरी नको, अजस्र हवं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न विज्ञानपटांतल्या खलनायकांच्या यानांबद्दल होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : खलनायकाचं यान काढायला घेतलं की हातून शिंगं, सुळे, काटेच येतात. रंगवून झालं की ते भीतिदायक न वाटता जत्रेतल्या मुखवट्यासारखं दिसतं. चुकतं कुठे?
— ॲनिमेशनची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : शिंग दिसलं की डोळा त्याची तुलना बैलाच्या शिंगाशी करतो आणि तुमचं यान बैलाएवढं होऊन बसतं. यानाची भीती वाटते ती त्याच्या आकारमानामुळे, आणि ते कळायला शेजारी काहीतरी मोजपट्टी लागते.

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’चा पहिलाच प्रसंग आठवा. आधी डोक्यावरून एक यान पळत जातं. ते आपल्याला चांगलं मोठं वाटतं. मग त्याच्यामागून चौकटीच्या वरच्या कडेतून एक राखाडी टोक आत येतं आणि येतच राहतं. हे ‘स्टार डिस्ट्रॉयर’. कॉलिन कँटवेल यांच्या आराखड्यापासून सुरुवात झाली आणि जो जॉन्स्टन यांनी त्याला पडद्यावरचं रूप दिलं. त्याला ना शिंग, ना सुळा. आहे ती नुसती एक पाचर. पळणारं यान मोठं वाटलं नसतं, तर पाठलाग करणारं अजस्र वाटलंच नसतं. कथेतली त्याची लांबी १६०० मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या साधारण सहा लोकल एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी.

पाचरीचा आणखी एक फायदा आहे. आयताकृती यान चौकटीत शिरताच आपली सगळी रुंदी दाखवून मोकळं होतं. पाचर मात्र दर सेकंदाला आधीपेक्षा जास्त आकाश झाकते, म्हणून ‘अजून किती?’ हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही.

तुमच्या चित्रासाठी एक कसोटी : यानाची बाह्याकृती सपाट काळी भरा आणि ती अंगठ्याच्या नखाएवढी लहान करा. तरी ती एका नजरेत ओळखू यायला हवी. त्यानंतर तपशील भरा, पण सगळीकडे सारखा पसरू नका. एकाच जागी दाट खच्चून भरा आणि शेजारचा मोठा पत्रा कोरा ठेवा. त्या कोऱ्या पत्र्यामुळेच दाट भाग बारीक वाटतो आणि यान मोठं.

प्रश्न : पडद्यावर दीड किलोमीटरचं वाटणारं ते यान प्रत्यक्षात तीन फुटांचं मॉडेल होतं, हे खरं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे. पहिल्या चित्रपटातलं मॉडेल सुमारे ९१ सेंटिमीटरचं होतं. गंमत म्हणजे त्याच्यापुढे पळणाऱ्या ‘लहान’ यानाचं मॉडेल जवळजवळ दुप्पट, सहा फुटांच्या आसपास होतं. ते मुळात नायकाच्या यानासाठी बांधलं होतं. पुढे नायकाच्या यानाचा आकार बदलला आणि हे मॉडेल पळणाऱ्या यानाच्या कामी आलं. दोन्ही मॉडेलं वेगवेगळी चित्रित करून नंतर एकत्र जोडली, त्यामुळे पडद्यावर कोण मोठं दिसणार हे कॅमेऱ्याच्या अंतरानं ठरलं.

या चित्रपटाची दृश्यकरामत करणाऱ्या ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ या कंपनीची सुरुवात १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइसमध्ये झाली. तिथे जॉन डायक्स्ट्रा यांच्या गटानं ‘डायक्स्ट्राफ्लेक्स’ हा मोटरवर चालणारा कॅमेरा उभा केला. मॉडेल स्थिर ठेवायचं आणि कॅमेरा त्याच्या अंगाजवळून न्यायचा, अशी पद्धत. एकदा ठरवलेली हालचाल हा कॅमेरा पुन्हा पुन्हा हुबेहूब करू शके. म्हणून यानाचं अंग, इंजिनांचा उजेड आणि तारे वेगवेगळे टिपून एकावर एक बसवता येत. मॉडेलच्या अंगावरचा यांत्रिक पसारा म्हणजे रणगाडे, युद्धनौका यांच्या प्लॅस्टिक किटमधले सुटे भाग. १९८०च्या पुढच्या भागासाठी अडीच मीटरच्या आसपासचं, आतून दिवे लावलेलं नवं मॉडेल बांधलं.

प्रश्न : महाविद्यालयाच्या लघुपटासाठी असंच पाचरीचं यान घरी करायचं आहे. साहित्य आणि मापं सांगाल का?
— तीन मित्र, नाशिक

उत्तर : ३ मिमीचा सनबोर्ड घ्या. थर्माकोल टाळा, कारण फेव्हिक्विक आणि स्प्रे पेंट दोन्ही त्याला खातात.

लांबी ९० सेंमी, मागची रुंदी ५० सेंमी, मधल्या कण्याची उंची मागच्या बाजूला ९ सेंमी धरा. इथे हमखास एक चूक होते : रुंदीच्या निम्म्याचे, म्हणजे २५ सेंमीचे त्रिकोण कापले जातात आणि मग कणा वर उचललाच जात नाही. उतारामुळे तुकड्याची मागची बाजू २६.६ सेंमी लागते. कण्याकडची बाजू ९०.४ आणि बाहेरची ९३.४ सेंमी. असे चार तुकडे कापा, दोन वरचे आणि दोन खालचे. कटरनं एका दमात कापू नका. पोलादी पट्टी धरून चार-पाच हलके हात फिरवा, नाहीतर कड फाटते.

आत दर १५ सेंमीवर आडवी फासळी बसवा, नाहीतर आठवड्याभरात पत्रे मधे खचतात. वरचा आणि खालचा भाग कडेला एकमेकांना चिकटवू नका. मधे ६ मिमीची फट ठेवा आणि ती जुन्या रेडिओचे भाग, कीबोर्डच्या आतले तुकडे, केबल टायचे कापलेले दात यांनी भरा. ओळखू येणारा भाग चालणार नाही. पेनाचं टोपण पेनाचं टोपण म्हणून दिसलं की सगळं यान टेबलावर उतरतं.

खिडक्यांचं गणित मात्र काटेकोर पाळा. १६०० मीटरचं यान ९० सेंमीत आणलं, तर मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर. तीन मीटरचा मजला १.७ मिमीत बसतो, म्हणून खिडकीचं भोक ०.५ मिमीच्या बिटनंच पाडायचं. दिवाळीच्या माळेतला ५ मिमीचा दिवा थेट बसवलात तर ती खिडकी तीन मजली होते आणि केलेली सगळी मेहनत तिथेच संपते. दिवा आत लपवा आणि उजेड ०.५ मिमीच्या ऑप्टिकल फायबरनं बाहेर आणा.

रंगाआधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, मग राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात. शेवटचा हात मॅटच हवा. चकाकी आली की दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्यावरून मॉडेलचं खरं माप उघडं पडतं. यानाचा मागचा भाग हिरव्या पडद्यापुढे चित्रित करणार असाल, तर इंजिनांना हिरवे दिवे लावू नका. पडद्याबरोबर तेही पुसले जातील.

प्रश्न : मॉडेल तयार आहे, पण चित्रीकरणात ते खेळण्यासारखंच दिसतं. कॅमेरा हातानंच सरकवतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हातानं सरकवू नका, एकेक चौकट (फ्रेम) टिपा. हार्डवेअरच्या दुकानात ८ मिमीचा, मीटरभर लांब थ्रेडेड रॉड मिळतो. त्याच्या साध्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असतं. सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियम ट्रॅकवर कॅमेऱ्याची गाडी ठेवा, गाडीत नट घट्ट बसवा आणि रॉडच्या टोकाला दांडा लावा. दांड्याचे तीन पूर्ण फेरे म्हणजे ३.७५ मिमी. दर तीन फेऱ्यांना एक चौकट घेतली तर ९० सेंमीत २४० चौकटी होतात, म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबानं बरोबर दहा सेकंद. कथेच्या मापात हा वेग सेकंदाला १६० मीटर पडतो, तरी पडद्यावर यान संथ आणि जड वाटतं. घाईचे शॉट इथेच फसतात.

कॅमेरा पोटाखाली १२ ते १५ सेंमीवर. झूम नको, रुंद भिंग. भिंगाचं छिद्र (ॲपर्चर) एफ-१६ ते एफ-२२ आणि दोन सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे टोकापासून शेपटापर्यंत सगळं स्पष्ट राहील. मागचं अंग धूसर झालं की बघणाऱ्याला वस्तू लहान असल्याचं लगेच कळतं. मोबाइलला सहसा छिद्र बदलता येत नाही, पण त्याचा सेन्सर लहान असल्यानं स्पष्टता आपसूक खोल मिळते. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मात्र लॉक करा.

दिवा एकच, आणि लांब. यानाच्या जवळच्या टोकापासून तो एक मीटरवर ठेवलात, तर जवळच्या टोकाला पलीकडच्या, ९० सेंमी दूरच्या टोकापेक्षा साडेतीन पटींहून जास्त उजेड मिळतो. चार मीटरवर नेलात तर हा फरक दीडपटीवर येतो आणि सावल्याही समांतर पडतात, सूर्याच्या पडतात तशा. सावलीच्या बाजूला दुसरा दिवा लावायचा मोह आवरा.

इंजिनांचा उजेड दुसऱ्या फेरीत, अंधारात टिपा. त्यासाठी गाडी मागे आणताना आरंभखुणेच्या चार-पाच फेरे पलीकडे न्या आणि मग पुढे येत खुणेवर थांबा. नट आणि आट्यांत थोडी ढिलाई असतेच. नेहमी एकाच दिशेनं खुणेवर आलात तर ती दोन्ही फेऱ्यांत सारखी राहते, नाहीतर उजेड इंजिनावरून घसरलेला दिसतो.

प्रश्न : पाचरीशिवाय दुसरे आकार भीतिदायक होऊ शकत नाहीत का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : होतात की. ‘स्टार ट्रेक’मध्ये १९८९ साली बोर्ग या शत्रूचं यान आलं, ते चक्क घनाकृती. त्याला पुढचं-मागचंच नाही. तोंड कुठे, शेपूट कुठे कळत नाही, त्यामुळे चुकवायचं कुणीकडून हेही कळत नाही. उलट १९८४च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटातलं क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांचं यान पंख खाली घेऊन झडप घालायच्या पवित्र्यात येतं. ते तुलनेनं लहान आहे, पण त्याचा हेतू दिसतो. तुमचं यान मोठं दाखवता येत नसेल, तर हा दुसरा मार्ग धरा.

प्रश्न : अवकाशात हवा नाही, मग यानाला आवाज द्यावा का?
— विज्ञान शिक्षिका, सातारा

उत्तर : भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं नाही. पण तो आवाज प्रेक्षकाला यानाचं वजन सांगतो, म्हणून द्यावा असं आमचं मत. ‘स्टार वॉर्स’चे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी त्यातल्या खलनायकी साम्राज्याच्या ‘टाय’ लढाऊ यानांसाठी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज एकत्र केला होता. घरगुती प्रयोगासाठी पिठाच्या गिरणीची घरघर ध्वनिमुद्रित करा आणि वेग एक चतुर्थांश करा. सूर दोन सप्तकं खाली जातो. एवढा खर्ज मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, म्हणून त्यावर पत्र्याच्या थरथरीचा एक मधला थर चढवा. आणि यान चौकटीत येण्याआधी अर्धा सेकंद आवाज सुरू करा.